दोष की गुन्हा? : स्वेतलाना गायर यांचे जीवन आणि अनुवादकार्य

प्रास्ताविक

जागतिक साहित्याचे अध्यापन करताना आपण टॉलस्टॉय, दोस्तोयव्हस्की, काफ्का यांची नावे सहजपणे घेतो. त्यांच्या मूळ भाषा आपल्यापैकी फार थोड्यांना अवगत असतात. म्हणजेच आपण जे वाचतो, शिकवतो आणि ज्यावर टिपणे काढतो, ते शब्द बहुतेक वेळा अनुवादकाचे असतात. असे असूनही अनुवादकाचे नाव आपल्या व्याख्यानात क्वचितच येते. ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर ते बारीक अक्षरांत छापलेले असते आणि तेथेच राहते.

रशियन साहित्याच्या जर्मन अनुवादक स्वेतलाना गायर (१९२३-२०१०) यांचे कार्य या उपेक्षेला ठळक अपवाद ठरले. दोस्तोयव्हस्की यांच्या पाच मोठ्या कादंबऱ्यांचे त्यांनी नव्याने केलेले जर्मन अनुवाद जर्मन वाङ्मयविश्वातील महत्त्वाची घटना मानले गेले. एका कादंबरीचे पिढ्यान् पिढ्या रूढ झालेले शीर्षक त्यांनी बाजूला ठेवले आणि त्या एका बदलाने कादंबरीकडे पाहण्याची दृष्टीच बदलण्याचे आवाहन केले. प्रस्तुत लेखात गायर यांच्या जीवनाचा आणि अनुवादकार्याचा परिचय करून देत, या शीर्षकबदलामागील विचार उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. ‘दोष’, ‘गुन्हा’, ‘ऋण’, ‘शिक्षा’ हे शब्द गायर यांच्यासाठी केवळ कोशातील शब्द नव्हते. त्यांच्या आयुष्याशीच ते निगडित होते. म्हणूनच त्यांचे चरित्र आणि त्यांचे शब्दकार्य एकत्र पाहणे उचित ठरते.

कीव्हमधील जडणघडण

स्वेतलाना इवानोव्हा यांचा जन्म २६ एप्रिल १९२३ रोजी कीव्ह येथे रशियन कुटुंबात झाला. वडील वनस्पतिसंवर्धन क्षेत्रातील शास्त्रज्ञ होते. आईचे घराणे झारकालीन लष्करी अधिकाऱ्यांचे होते. सोव्हिएत राजवटीत असा पूर्वेतिहास ही चिंतेचीच बाब होती. आईने मुलीला लहानपणापासून फ्रेंच आणि जर्मन या भाषांची खाजगी शिकवणी ठेवली. त्या काळात आणि त्या परिस्थितीत परकीय भाषा हीच मुलीची खरी शिदोरी ठरेल, अशी तिची धारणा होती.

१९३८ साली, स्टालिनच्या दडपशाहीच्या काळात, वडिलांना अटक झाली. १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली. परंतु तुरुंगातील छळाने त्यांचे शरीर पार खचले होते. किशोरवयीन स्वेतलाना यांनी शहराबाहेरील घरात त्यांची शुश्रूषा केली. त्याच वर्षी वडिलांचा मृत्यू झाला. कोणताही गुन्हा नसताना झालेली शिक्षा त्यांनी प्रथम आपल्या घरात पाहिली.

१९४१ साली त्यांनी शालान्त परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण केली आणि पाश्चात्त्य युरोपीय भाषांच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले.

युद्ध, दुभाषेपण आणि स्थलांतर

१९ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने कीव्हचा ताबा घेतला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २९ आणि ३० सप्टेंबर रोजी, शहराच्या सीमेवरील बाबी यार या घळीत ३३,७७१ ज्यू स्त्री-पुरुष-बालकांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. मृतांमध्ये स्वेतलाना यांची जिवलग मैत्रीण आणि तिची आई यांचाही समावेश होता.

याच शहरात, याच सत्तेच्या अमलाखाली, अठरा वर्षांच्या स्वेतलाना यांना जर्मन भाषेमुळे काम मिळाले. पूल बांधणाऱ्या डॉर्टमुंड येथील एका जर्मन कंपनीच्या कीव्हमधील कार्यस्थळावर त्या दुभाषी म्हणून काम करू लागल्या. जर्मनीत शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळेल, असे आश्वासनही त्यांना मिळाले होते. १९४३ मध्ये जर्मन सैन्य माघार घेऊ लागले, तेव्हा त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. ज्या राजवटीने वडिलांचा बळी घेतला, ती परत येणार होती आणि तिच्या दृष्टीने शत्रूकडे काम केलेली तरुणी देशद्रोही ठरणार होती. अखेरीस माय-लेकींनी माघारी जाणाऱ्या जर्मनांबरोबर पश्चिमेकडे जाण्याचा निर्णय घेतला.

जर्मनीत पोहोचल्यावर दोघींची रवानगी डॉर्टमुंड येथील पूर्वेकडील कामगारांच्या छावणीत झाली. काही महिन्यांनंतर, काही जर्मन व्यक्तींच्या प्रयत्नांमुळे, त्यांची तेथून सुटका झाली. १९४४ मध्ये स्वेतलाना यांना हुम्बोल्ट शिष्यवृत्ती मिळाली आणि फ्रायबुर्ग येथे साहित्य व तौलनिक भाषाशास्त्र यांचे अध्ययन सुरू करता आले. ज्या राष्ट्राच्या सैन्याने मैत्रिणीला ठार केले, त्याच राष्ट्रातील काही माणसांनी त्यांचा जीव वाचवला आणि त्यांना विद्यापीठाचे दार उघडून दिले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. गायर यांचे पुढील सारे आयुष्य या दुहेरी सत्याच्या सान्निध्यात गेले.

अध्यापन आणि अनुवादाचा प्रारंभ

युद्धानंतर त्या फ्रायबुर्ग येथेच स्थायिक झाल्या. विवाहानंतर त्या गायर हे आडनाव लावू लागल्या. त्यांचा चरितार्थ मुख्यतः अध्यापनावर चालला. १९६० पासून त्यांनी कार्ल्सरूह विद्यापीठात रशियन भाषा शिकवली आणि तेथे त्या दीर्घकाळ जात राहिल्या. १९६४ ते १९८८ या काळात फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या स्लाव्ह भाषा विभागातही त्यांनी अध्यापन केले. वर्गात विद्यार्थ्यांसमोर शब्दाची फोड करून दाखवणे, एका वाक्याचे चार पर्याय तोलून पाहणे, हा त्यांच्या दैनंदिन कामाचाच भाग होता. अनुवादक गायर यांची तयारी अध्यापक गायर यांनी करून घेतली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९५७ साली रोव्होल्ट प्रकाशनाच्या अभिजात ग्रंथमालेसाठी त्यांनी अनुवादास आरंभ केला. पुढे सोल्झेनित्सिन यांच्या ‘ऑगस्ट १९१४’ या कादंबरीचा त्यांचा जर्मन अनुवाद १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. अब्राम तेर्त्स या टोपणनावाने लिहिणारे आंद्रेई सिन्याव्हस्की यांचे लेखनही त्यांनी जर्मनमध्ये आणले. आपले लेखन परदेशात प्रसिद्ध केल्याबद्दल सिन्याव्हस्की यांच्यावर १९६६ मध्ये खटला चालून त्यांना श्रमछावणीत पाठवण्यात आले होते. छावणीतून पत्नीला लिहिलेल्या पत्रांतून साकारलेले त्यांचे ‘समूहातील एक आवाज’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक गायर यांच्या अनुवादात १९७४ मध्ये जर्मन वाचकांसमोर आले. गुन्हा कशाला म्हणावे आणि शिक्षा कोणाला व्हावी, हा प्रश्न अशा रीतीने त्यांच्या मेजावर पुन्हा पुन्हा येत राहिला.

पाच कादंबऱ्यांचा संकल्प

१९८८ साली गायर फ्रायबुर्ग विद्यापीठातील अध्यापनातून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. सामान्यतः ज्या वयात कामाची आवराआवर सुरू होते, त्या वयानंतर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम सिद्धीस गेले. झुरिच येथील अम्मान प्रकाशनासाठी त्यांनी दोस्तोयव्हस्की यांच्या पाच महाकाय कादंबऱ्यांचे नवे अनुवाद केले. ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१९९४), ‘इडियट’ (१९९६), ‘ब्योझे गाइस्टर’ अर्थात ‘दुष्ट भुते’ (१९९८), ‘कारामाझोव्ह बंधू’ (२००३) आणि ‘आइन ग्र्यूनर युंगे’ अर्थात ‘एक कोवळा पोरगा’ (२००६), असा त्यांचा क्रम आहे. शेवटचा अनुवाद प्रसिद्ध झाला, तेव्हा गायर यांनी वयाची ८३ वर्षे पूर्ण केली होती. या पाच ग्रंथांना उद्देशूनच, त्यांच्यावरील व्हादिम येंद्रेयको दिग्दर्शित माहितीपटाला ‘पाच हत्ती असलेली स्त्री’ (२००९) या अर्थाचे शीर्षक दिले गेले.

जर्मनमध्ये दोस्तोयव्हस्की यांचे अनुवाद नव्हते, असे मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पायपर प्रकाशनाने त्यांचे समग्र साहित्य प्रसिद्ध केले. त्याचे अनुवाद ए. के. रासिन या नावाने झाले होते आणि या टोपणनावामागे एलिझाबेथ केरिक ही स्त्री होती. हे अनुवाद पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. मग नव्या अनुवादाची आवश्यकता काय होती? गायर यांच्या कामातून मिळणारे उत्तर असे, की मूळ संहिता तीच राहिली तरी अनुवादाची भाषा जुनी होत जाते आणि त्यातील गृहीतकेही जुनी होत जातात. दोस्तोयव्हस्की यांच्या गद्यातील खडबडीतपणा, पुनरुक्ती, अडखळणारे संवाद हे लेखकाचे दोष समजून पूर्वीचे अनुवादक ते अनेकदा सफाईदार करीत. मिखाईल बाख्तिन यांनी १९२९ मध्ये आणि पुढे १९६३ च्या सुधारित आवृत्तीत दोस्तोयव्हस्की यांच्या कादंबरीतील बहुस्वरतेची मीमांसा केली. प्रत्येक पात्राचा स्वतंत्र स्वर आणि त्यांवर लेखकाची नसलेली हुकमत हे या कादंबऱ्यांचे मर्म असेल, तर सर्व पात्रांना एकच सुबक भाषा बोलायला लावणारा अनुवाद त्या मर्मालाच बाधा आणतो. गायर यांच्या अनुवादांत हे वेगवेगळे आवाज ऐकू येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य समीक्षकांनी आवर्जून नोंदवले.

शीर्षकाचा प्रश्न

दोस्तोयव्हस्की यांच्या १८६६ सालच्या कादंबरीचे मूळ रशियन शीर्षक ‘प्रेस्तुप्लेनिये इ नाकाझानिये’ असे आहे. १८८२ मधील पहिल्या जर्मन अनुवादात विल्हेल्म हेन्केल यांनी नायकाच्या नावावरून ‘रास्कोल्निकोव्ह’ असे शीर्षक दिले. पुढे ‘शुल्ड उंड झ्यूने’ हे शीर्षक रूढ झाले आणि जर्मन वाचकाच्या मनात ते इतके घट्ट बसले, की कादंबरी न वाचलेल्यांनाही ते पाठ होते. ‘शुल्ड’ म्हणजे दोष, अपराधीपण. ‘झ्यूने’ म्हणजे प्रायश्चित्त, पापाचे परिमार्जन. गायर यांनी याऐवजी ‘फेरब्रेशेन उंड श्ट्राफे’, म्हणजेच ‘गुन्हा आणि शिक्षा’, हे शीर्षक स्वीकारले. हे शीर्षक अलेक्झांडर एलियासबर्ग यांनी १९२१ मध्ये वापरले होते. परंतु त्या वेळी ते रुजले नाही. गायर यांच्या अनुवादानंतर मात्र त्याची दखल घेणे सर्वांना भाग पडले.

मराठी वाचकाला या दोन जोड्यांमधील अंतर चटकन समजण्यासारखे आहे. गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदवला जातो आणि शिक्षा न्यायालय देते. दोष मनाला लागतो आणि प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते. पहिली जोडी कायद्याची आहे, तर दुसरी धर्माची आणि अंतःकरणाची. रशियन शीर्षक निःसंशयपणे पहिल्या जोडीचे आहे. कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह हा कायद्याच्या शिक्षणात खंड पडलेला विद्यार्थी आहे आणि गुन्ह्याविषयी त्याने लेखही लिहिलेला आहे. स्वतः दोस्तोयव्हस्की यांना १८४९ मध्ये अटक झाली होती आणि सैबेरियातील सक्तमजुरी त्यांनी भोगली होती. शिक्षा म्हणजे काय, हे त्यांना कोशातून शिकावे लागले नव्हते.

याहून महत्त्वाचा मुद्दा कथानकाचा आहे. रास्कोल्निकोव्ह हत्या करतो, कबुली देतो, सैबेरियात जातो. परंतु आपल्या कृत्याचा खरा पश्चात्ताप त्याला फार काळ होत नाही. उपसंहाराच्या अखेरीस केवळ एका नव्या आरंभाची चाहूल लागते. म्हणजेच दोषाची जाणीव आणि प्रायश्चित्त यांचा प्रश्न कादंबरी शेवटपर्यंत टांगता ठेवते. ‘दोष आणि प्रायश्चित्त’ हे शीर्षक मात्र तो पहिल्याच पानावर निकालात काढते. येथे अनुवादक हा नकळत निवाडा देणारा भाष्यकार होतो. गायर यांनी हा निवाडा मागे घेऊन प्रश्न वाचकाच्या स्वाधीन केला.

अर्थात नवे शीर्षकही परिपूर्ण नाही. ‘प्रेस्तुप्लेनिये’ या रशियन शब्दाच्या घडणीत ओलांडून पाऊल टाकण्याचा अर्थ आहे. आपल्या ‘अतिक्रमण’ किंवा ‘मर्यादोल्लंघन’ या शब्दांची घडण त्याच्याशी जवळीक साधते. सीमा ओलांडण्याचा अधिकार काही असामान्य माणसांना असतो काय, हाच तर रास्कोल्निकोव्हचा प्रश्न आहे. जर्मन ‘फेरब्रेशेन’मध्ये ओलांडणे नाही, मोडणे आहे. ओलांडण्याचा अर्थ असलेला ‘युबरट्रेटुंग’ हा जर्मन शब्द उपलब्ध आहे, पण तो किरकोळ नियमभंगासाठी वापरला जातो. नेमक्या शब्दाची घडण जुळते तेथे वजन जुळत नाही आणि वजन जुळते तेथे घडण जुळत नाही. मूळ कृती सतत निसटत राहते आणि त्या निसटण्याची ओढच अनुवादकाला कामाला लावते, अशा आशयाचे विचार गायर यांनी वेळोवेळी व्यक्त केले होते.

इतर दोन शीर्षकांमागेही हीच दृष्टी आहे. ‘बेसी’ या कादंबरीचे ‘डी डेमोनेन’ हे जर्मन शीर्षक प्रचलित होते. ‘डेमोन’ या ग्रीक मुळाच्या शब्दाला जर्मन साहित्यात, विशेषतः ग्योटे यांच्यामुळे, एक भव्य आणि गूढ वलय लाभले आहे. मूळ रशियन शब्द मात्र लोकसमजुतीतील त्रासदायक भुतांचा आहे. ‘दुष्ट भुते’ म्हटल्याने ते वलय गळून पडते. त्याचप्रमाणे ‘पोद्रोस्तोक’ म्हणजे वयात येत असलेला मुलगा. ‘डेर यूंगलिंग’ हा ‘नवयुवक’ या धर्तीचा काव्यमय शब्द त्याला शोभत नाही. ‘ग्र्यून’ म्हणजे हिरवा आणि अर्थविस्ताराने कच्चा, अननुभवी. ज्याला अजून मिसरूडही फुटलेले नाही अशा मुलाची बढाई आणि धांदल त्या शब्दात उतरते.

अनुवादाची पद्धती

गायर यांची कार्यपद्धती अध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. त्या आधी संपूर्ण कृती पुनःपुन्हा वाचून जवळजवळ अंगवळणी पाडून घेत. अनुवाद म्हणजे डावीकडून उजवीकडे सरपटत जाणारी अळी नव्हे, असे त्या सांगत. ‘अनुवाद करताना नाक वर ठेवावे’ ही आपल्या शिक्षिकेची शिकवण त्या उद्धृत करीत. याचा अर्थ असा, की नजर ओळीत खुपसून न बसता संपूर्ण वाक्य, परिच्छेद आणि कृती दृष्टीसमोर ठेवून मगच बोलावे.

‘बोलावे’ हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा आहे. कारण गायर आपला अनुवाद तोंडी सांगत आणि एक वृद्ध सहकारी महिला तो टंकलेखन यंत्रावर उतरवून घेत असे. ही महिला केवळ लेखनिक नव्हती. एखादा शब्द पटला नाही, तर ती तसे स्पष्टपणे सांगे आणि दोघींचा वाद होई. त्यानंतर एक संगीतज्ञ स्नेही तयार मजकूर मोठ्याने वाचून दाखवत आणि गायर तो केवळ कानांनी तपासत. माहितीपटात हे सर्व सविस्तर पाहावयास मिळते. बहुस्वर कादंबरीचा अनुवाद अशा प्रकारे प्रत्यक्ष तीन आवाजांतून पार होई.

कापडाला इस्त्री करताना त्यांनी वस्त्र आणि संहिता यांतील नाते उलगडून दाखवले आहे. पाश्चात्त्य भाषांत ‘संहिता’ या अर्थाचा शब्द विणण्याच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. धुतल्यावर धागे आपली जागा सोडतात, त्यांना पुन्हा सरळ आणावे लागते, ही त्यांची उपमा कोणत्याही भाषाशिक्षकाला सहज पटावी.

ऋण आणि दोष

येथे एका शब्दाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. जर्मन ‘शुल्ड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक दोष, दुसरा ऋण अथवा कर्ज. जे शीर्षक गायर यांनी नाकारले, त्यातीलच हा शब्द त्यांच्या जर्मनीशी असलेल्या नात्याचे नेमके वर्णन करतो. आपला जीव वाचवणाऱ्या आणि शिक्षण देणाऱ्या जर्मनीचे आपण देणे लागतो, अशी त्यांची भावना होती. त्याच जर्मनीच्या माथ्यावर बाबी यारचा दोष होता, हेही त्या विसरल्या नव्हत्या. कब्जा करणाऱ्या सत्तेकडे दुभाषी म्हणून काम केले, हा त्यांच्या आयुष्यातील अवघड प्रसंग माहितीपटही झाकून ठेवत नाही. १९४३ मध्ये सोडलेल्या कीव्हला त्या वयाच्या पंचाऐंशीच्या सुमारास, नातीसह, रेल्वेने प्रथमच परतल्या. तेव्हाचा त्यांचा संयत अबोलपणा पुष्कळ काही सांगून जातो.

त्यांच्या चरित्रामुळेच त्यांनी शीर्षक बदलले, असा सरळ कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे ठरेल. बदलामागील भाषिक कारणे स्वयंपूर्ण आहेत. तथापि एवढे निश्चित म्हणता येईल, की गुन्ह्याला ‘गुन्हा’ असेच म्हणणे, त्याला दोषभावनेच्या आणि प्रायश्चित्ताच्या मऊ शब्दांत न गुंडाळणे, याचे मोल काय असते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. अंतःकरणातील दोषाची चर्चा नंतर करता येते. आधी कृत्याचे नाव नीट घ्यावे लागते.

समारोप

७ नोव्हेंबर २०१० रोजी फ्रायबुर्ग येथे स्वेतलाना गायर यांचे निधन झाले. बासेल आणि फ्रायबुर्ग येथील विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरवले होते. ‘शुल्ड उंड झ्यूने’ हे जुने शीर्षक जर्मन पुस्तकांतून आणि बोलण्यातून नाहीसे झाले नाही. मात्र आज ते उच्चारताना दुसऱ्या शीर्षकाची आठवण होते, हेच गायर यांच्या कामाचे यश होय.

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, अनुवादातील शीर्षक हा कृतीचा पहिला अन्वयार्थ असतो. म्हणून वर्गात अनुवादित कृती शिकवताना शीर्षकाचीही चिकित्सा व्हावी. दोन, अभिजात कृतीचा पुनरनुवाद ही नव्या पिढीने त्या कृतीचे केलेले नवे वाचन असते आणि त्याला संशोधनाचाच दर्जा द्यावयास हवा. तीन, अनुवादकाचे चरित्र समजून घेतल्याने त्याच्या शब्दनिवडीकडे पाहण्याची दृष्टी अधिक सूक्ष्म होते. मात्र ते चरित्र शब्दनिवडीचा पुरावा म्हणून वापरण्याचा मोह टाळावा.

आपल्याकडे रशियन साहित्य बहुधा इंग्रजीच्या वाटेने वर्गापर्यंत येते. त्या वाटेवर कोणी कोणता शब्द निवडला, काय गाळले आणि काय सुबक केले, याचा विचार आपण विद्यार्थ्यांसमोर फारसा मांडत नाही. पुढील वेळी एखादी अनुवादित कादंबरी हाती घेताना शीर्षकपृष्ठावरील ते बारीक अक्षरांतील नाव वर्गात मोठ्याने वाचले, तरी सुरुवात चांगली होईल.